रेडिंगच्या एका लेटिंग एजंटचा (घरं भाड्याने लावून देणाऱ्याचा) रिव्ह्यू: घर देताना गोड, घर सोडताना २१९४ पौंड

५ पैकी २ स्टार. ते दोन पण कशाचे ते आधी सांगतो, म्हणजे नुसता राग काढायला बसलोय असं वाटायला नको. घर दाखवायला जी बाई यायची ती एक नंबर होती, वेळेवर यायची, ज्या बेडरूमला सकाळी ऊन येत नाही ते तिने स्वतःहून सांगितलं, पार्किंगचं परमिट काउन्सिलकडून (इथली नगरपालिका) घ्यावं लागेल हे पण तिनेच सांगितलं. हिवाळ्यात बॉयलर बंद पडला तेव्हा दुसऱ्या दिवशी माणूस आला, इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना कळेल ही किती मोठी गोष्ट आहे ते. भाडं वाढवायला कधी मागे लागले नाहीत, उगाच इन्स्पेक्शनला येऊन कपाटं उघडून बघितली नाहीत. म्हणजे राहत होतो तोपर्यंत तक्रार नाही. एजंटचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण आमच्या ग्रुपमध्ये विचारल्यावर जे ऐकलं त्यावरून हे एकाच ऑफिसचं खूळ नाही, थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी हेच चालतं.

तर झालं असं की क्लायंटचं काम लीड्सला गेलं आणि कंपनीने सांगितलं चला. माझं काँट्रॅक्ट बारा महिन्यांचं फिक्स्ड, त्यातले चार महिने शिल्लक, आणि ब्रेक क्लॉज (मुदतीच्या मधेच नोटीस देऊन निघायची सोय) नाही. सही करतानाच मागितला होता तर "लँडलॉर्ड देत नाही" एवढंच उत्तर मिळालं होतं. भाडं महिन्याला १३०० पौंड.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो कारण आपल्याकडचे बरेच जण "नोटीस दिली की झालं" असं समजतात. माझ्या वेळच्या, म्हणजे १ मे २०२६ च्या आधीच्या नियमात, फिक्स्ड टर्म चालू असताना ब्रेक क्लॉज नसेल तर आपल्याला मधेच निघायचा हक्क नव्हता. लँडलॉर्ड "नाही" म्हणू शकायचा आणि टर्म संपेपर्यंतचं भाडं मागू शकायचा. त्याने नवीन टेनंट शोधलाच पाहिजे अशी सक्ती पण नव्हती, २००६ साली कोर्ट ऑफ अपीलने एका ऑफिसच्या भाड्याच्या केसमध्ये तसंच म्हटलंय. त्यामुळे चावी लेटरबॉक्समध्ये टाकून निघून जाणं हा मार्ग नाही, निघायचं असेल तर लँडलॉर्डची लेखी संमती घेऊनच. म्हणजे आपली बाजू सुरुवातीला कमजोरच असायची, हे मी मान्य करतो आणि एजंटला पण ते चांगलं माहीत असायचं.

पण लँडलॉर्डने एकदा "हो, सोडा" म्हटलं की मग गणित बदलतं. आणि हाच सगळ्या भांडणाचा मुद्दा आहे.

फोनवर बोललो तेव्हा एकदम गोडीत, "नो प्रॉब्लेम, लँडलॉर्ड ठीक आहेत, आम्ही लगेच मार्केटिंग सुरू करतो, फक्त छोटीशी अर्ली टर्मिनेशन फी लागेल." किती ते सांगेनात. म्हटलं इमेल करा. इमेल आली शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला (हे लोक वाईट बातमी कायम शुक्रवारी संध्याकाळीच पाठवतात, म्हणजे तुम्ही वीकेंडभर तडफडत बसा). त्यात होतं असं: एक महिन्याचं भाडं "अर्ली टर्मिनेशन चार्ज" म्हणून १३०० पौंड, लँडलॉर्डच्या कमिशनचा उरलेला भाग ६२४, ॲडमिन १२० व्हॅटसकट, चेकआउट इन्व्हेंटरी (घर सोडताना सामान आणि घराची तपासणी) १५०. टोटल २१९४. आणि खाली बारीक अक्षरात, की नवीन टेनंट येईपर्यंतचं भाडं याशिवाय वेगळं. आणि सोमवारपर्यंत "ॲग्री" असा रिप्लाय करा नाहीतर मार्केटिंग सुरू होणार नाही.

बायको म्हणाली भरून टाकू, बदलीच्या गडबडीत हे कुठे. ग्रुपवर पण तेच, "भांडू नको रे, रेफरन्स (नवीन घरमालकाला आपल्याबद्दल द्यायचा शेरा) खराब देतील, लीड्सला घर मिळणार नाही." ही भीती आपल्या लोकांमध्ये फार खोल बसलीय, व्हिसा, रेफरन्स, क्रेडिट स्कोअर, सगळं एकत्र डोक्यात फिरतं आणि माणूस पैसे देऊन मोकळा होतो. मिल्टन कीन्सच्या एका मित्राने असेच दोन महिन्यांचे पैसे गपचूप भरले होते, आणि तो घर सोडून गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिथे नवीन टेनंट राहायला आला होता. म्हणजे एकाच घराचं भाडं दोघांकडून घेतलं. त्याला आजही विचारलं तर म्हणतो जाऊ दे ना.

मी जाऊ दिलं नाही. आधी त्यांच्याच वेबसाईटवर गेलो. इंग्लंडमध्ये एजंटला आपल्या फीची यादी ऑफिसात आणि वेबसाईटवर लावावीच लागते, २०१५ पासून कायदा आहे, बहुतेक वेळा ती लिंक पानाच्या एकदम तळाशी करड्या अक्षरात लपवलेली असते. तिथे "टेनंट फीज" मध्ये अर्ली टर्मिनेशनच्या पुढे काय लिहिलेलं होतं बघा: लँडलॉर्डला घर परत भाड्याने द्यायला येणारा खर्च, अधिक नवीन टेनन्सी सुरू होईपर्यंतचं भाडं, आणि हे सगळं मिळून टर्मच्या उरलेल्या भाड्यापेक्षा जास्त होणार नाही. बस्स. एक महिन्याची पेनल्टी नाही, ॲडमिन नाही, चेकआउट नाही. स्वतःच्याच पानावर एक आणि इमेलमध्ये दुसरंच. स्क्रीनशॉट काढून ठेवला, तारीख दिसेल असा.

हे त्यांनी मनाने लिहिलेलं नाहीये, ते येतं टेनंट फीज ॲक्ट २०१९ मधून. १ जून २०१९ पासून नवीन टेनन्सीला लागू झाला आणि १ जून २०२० पासून जुन्यांना पण. त्या आधी इथे एजंट लोक रेफरन्सचे, इन्व्हेंटरीचे, रिन्यूअलचे, कशाकशाचे पैसे घ्यायचे, ते सगळं बंद झालं. टेनंटकडून काय काय घेता येतं याची यादीच कायद्यात आहे: भाडं, डिपॉझिट (वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं), होल्डिंग डिपॉझिट (घर राखून ठेवायला) एक आठवड्याचं, काँट्रॅक्टमध्ये बदल हवा असेल तर साधारण ५० पौंड, चावी हरवली तर तिचा खरा खर्च, भाडं १४ दिवसांपेक्षा जास्त उशिरा दिलं तर बँक ऑफ इंग्लंडच्या बेस रेटपेक्षा ३ टक्के जास्त दराने व्याज, बिलं, आणि टेनंटने स्वतःहून लवकर सोडायला मागितलं तर त्याचे पैसे. यादीत जे नाही ते मागताच येत नाही. आणि लवकर सोडण्याचे पैसे म्हणजे काय, तर लँडलॉर्डचं जेवढं खरं नुकसान झालं तेवढं, आणि एजंटचा वाजवी खर्च झाला असेल तर तो. दंड नाही.

मग रिप्लाय लिहिला. लांबलचक नाही, रागाने तर अजिबात नाही. एकेक आयटम घेतला आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न, हे नुकसान कुठलं आणि त्याचं बिल कुठे. १३०० कशाचे, कारण रिकाम्या दिवसांचं भाडं तर तुम्ही वेगळं मागताय, मग हे दुसऱ्यांदा कशाला. चेकआउट इन्व्हेंटरी तर मी टर्म पूर्ण केली असती तरी करावीच लागली असती, मग मी लवकर निघाल्यामुळे तो खर्च वाढला कसा, आणि तसाही तो टेनंटकडून घेताच येत नाही. ॲडमिनचे १२० म्हणजे कोणी किती वेळ काय काम केलं. आणि ६२४ चं म्हणाल तर लँडलॉर्डने तुम्हाला जे कमिशन भरलं त्याचं इन्व्हॉइस दाखवा.

याच्यावर उत्तर काय तर "ही कंपनी पॉलिसी आहे आणि तुम्ही काँट्रॅक्टवर सही केलीय." काँट्रॅक्टमध्ये खरंच एक क्लॉज होता, अर्ली टर्मिनेशनला एक महिन्याचं भाडं. पण याच ॲक्टमध्ये सरळ लिहिलंय की ज्या पेमेंटला मनाई आहे ते मागणारा क्लॉज टेनंटवर बंधनकारकच नाही, बाकीचं काँट्रॅक्ट जसंच्या तसं चालू राहतं. म्हणजे सही केली म्हणून ते चालून जात नाही. हे एक वाक्य मी इमेलमध्ये टाकलं, ॲक्टचं नाव आणि साल टाकलं, आणि त्यानंतर माझ्याशी बोलणारा माणूस बदलला. आधी निगोशिएटर होता, आता ब्रँच मॅनेजर.

मॅनेजर हुशार होता. १३०० आणि १५० लगेच काढले, "गुडविल" म्हणून. गुडविल कसलं डोंबलाचं, घेता येत नव्हते म्हणून काढले. पण ६२४ आणि १२० वर अडून बसला.

आता कमिशनचं जरा नीट सांगतो कारण इथे एजंट अगदीच चूक नसतो. लँडलॉर्ड एजंटला पूर्ण वर्षाचं कमिशन बऱ्याचदा आधीच देऊन बसलेला असतो. मी आठ महिन्यांनी निघालो आणि नवीन टेनंटसाठी त्याला परत नवीन कमिशन द्यावं लागलं, तर माझ्या उरलेल्या चार महिन्यांचं कमिशन वाया गेलं, ते नुकसान खरं आहे. ते द्यायला माझी ना नव्हती. पण किती? त्यांनी १० टक्के अधिक व्हॅट धरलं होतं, म्हणजे वर्षाच्या १५६०० वर १८७२, त्याचा तिसरा हिस्सा ६२४. मी इन्व्हॉइस मागत राहिलो, ते "गोपनीय आहे" म्हणत राहिले. शेवटी म्हटलं ठीक, लँडलॉर्डचं नाव-पत्ता झाका, आकडा दाखवा. पीडीएफ आली, काळ्या पट्ट्या मारलेली, आणि आकडा १२४८ अधिक २४९.६० व्हॅट. म्हणजे ८ टक्के! त्या लँडलॉर्डला सवलतीचा रेट होता आणि माझ्याकडून छापील रेटने वसुली चालली होती. चार महिन्यांचे होतात ४९९.२०. मॅनेजरचा रिप्लाय एका ओळीचा, "आमच्या सिस्टिममध्ये स्टँडर्ड रेट येतो." असेल बुवा, सिस्टिमच्या चुका नेहमी एकाच बाजूला कशा झुकतात देव जाणे.

१२० मात्र लगेच सुटले नाहीत. एजंटला स्वतःचा वाजवी खर्च मागता येतो, त्यामुळे इथे मी "कायद्यात नाही" असं म्हणू शकत नव्हतो, फक्त खर्चाची फोड मागत होतो. जाहिरात, व्ह्यूइंग, नवीन टेनंटचं रेफरन्सिंग, हे सगळं ते नवीन कमिशनमधून करणारच, मग माझ्याकडून परत कशाचे? याला शेवटपर्यंत उत्तर आलं नाही आणि एक दिवस तो आकडाच स्टेटमेंटमधून गायब झाला.

रिकाम्या दिवसांचं भाडं मी कधीच नाकारलं नाही. मी चावी दिली आणि नवीन टेनंट यायला ११ दिवस गेले, ते माझ्या अंगावर, आणि तेवढ्या दिवसांचा काउन्सिल टॅक्स पण. तिथेही त्यांनी १३०० भागिले ३० केलं होतं, मी म्हटलं वर्षाचं भाडं भागिले ३६५ करा, दिवसाला ४२.७४ येतात. सहा-साडेसहा पौंडांचा फरक, पण तोवर मला चेव आला होता. मग कळलं की नवीन टेनंटला घर १३७५ ला गेलंय. म्हणजे लँडलॉर्ड माझ्या जाण्याने महिन्याला ७५ पौंड जास्तच कमावणार, मग त्याचं नुकसान तेवढ्याने कमी झालं नाही का? हे विचारलं तर त्यावर पूर्ण शांतता. शिवाय ११ दिवसांचं भाडं मीच भरतोय म्हटल्यावर तेवढ्या दिवसांचं कमिशन पण वाया गेलं नाही, ते ४५ पौंड कापायला हवे होते. पण तोपर्यंत लीड्सला जॉइन झालो होतो, डोक्याला अजून ताप नको म्हणून हे दोन मुद्दे सोडले. ज्याला वेळ आहे त्याने धरून ठेवावेत, दमदार आहेत.

मधे एकदा धमकी पण येऊन गेली, की पैसे भरले नाहीत तर डिपॉझिटमधून कापू. माझं डिपॉझिट १५०० पौंड, बरोबर पाच आठवड्यांचं. पण इथे पैसे असे परस्पर कापता येत नाहीत. २००७ पासून डिपॉझिट सरकारमान्य स्कीममध्ये ठेवावं लागतं, डीपीएस, मायडिपॉझिट्स किंवा टीडीएस, मिळाल्यापासून ३० दिवसांत, नाहीतर एक ते तीन पट दंड लँडलॉर्डला. त्यातही दोन प्रकार, एकात पैसे स्कीमकडेच जातात, दुसऱ्यात एजंट स्वतःकडे ठेवतो आणि स्कीमचा इन्शुरन्स भरतो. माझे पैसे स्कीमकडेच होते, त्यामुळे माझ्या होकाराशिवाय त्यांना पेनी काढता येत नव्हती. वाद झाला तर स्कीमचा ॲडज्युडिकेटर (निवाडा करणारा) कागद बघून फुकटात निकाल देतो, दोघांची तयारी लागते आणि निकाल दोघांना मान्य करावा लागतो, आणि पैसे मुळात टेनंटचे धरले जातात, कापायचे तर पुरावा एजंटने द्यायचा. मी एवढंच लिहिलं, "स्कीमकडे जाऊ या, मी तयार आहे." परत तो विषय निघाला नाही. चेकआउटला ओव्हनच्या दाराच्या आतल्या काचेवर तपकिरी डाग म्हणून ८० पौंड क्लीनिंग लावायला निघाले होते, चेकइन रिपोर्टमधला फोटो पाठवला, त्यात तोच डाग तिथेच, मग ते पण गेलं. चेकइनच्या दिवशी ओव्हनच्या आत मोबाईल घालून फोटो काढणाऱ्याला वेडा म्हणू नका.

हे सगळं बोलून पण ऐकलं नसतं तर पुढचा रस्ता तयार होता. आधी एजंटकडे लेखी तक्रार, आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर ओम्बड्समन, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणारी बाहेरची संस्था. इंग्लंडमध्ये २०१४ पासून प्रत्येक लेटिंग एजंटला प्रॉपर्टी ओम्बड्समन किंवा प्रॉपर्टी रिड्रेस यापैकी एकाचं मेंबर असावंच लागतं, कुठल्या ते फीच्या त्याच पानावर लिहिलेलं असतं. बेकायदा फी भरून बसला असाल तर काउन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे (ग्राहकांच्या तक्रारी बघणारा विभाग) जाता येतं, ते पहिल्या वेळेला ५००० पौंडांपर्यंत दंड करू शकतात आणि पाच वर्षांत परत केलं तर ३०००० पर्यंत, किंवा आपण स्वतः फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे (कोर्टासारखं न्यायाधिकरण) पैसे परत मागू शकतो. कुठून सुरू करायचं कळत नसेल तर सिटिझन्स ॲडव्हाइस आणि शेल्टर या सल्ला देणाऱ्या दोन्ही संस्थांच्या वेबसाईटवर सोप्या भाषेत आहे. माझ्या बाबतीत फक्त "तुमची कंप्लेंट्स प्रोसिजर पाठवा" एवढी एक ओळ लिहिली आणि काम झालं, ती ओळ म्हणजे रामबाण आहे.

शेवटी हिशोब असा: ११ दिवसांचं भाडं ४७०.१४, कमिशन ४९९.२०, एकूण ९६९.३४ पौंड. सुरुवातीला २१९४ अधिक भाडं मागत होते, म्हणजे २६६० च्या वर. डिपॉझिट पूर्ण परत आलं. पैसे ट्रान्सफर करायच्या आधी इमेलवर लिहून घेतलं की हे फुल अँड फायनल आहे, टेनन्सी अमुक तारखेला दोघांच्या संमतीने संपली, यापुढे काही देणं नाही. हे लिहून घेतलं ते बरंच झालं कारण पुढच्या एक तारखेला त्यांच्याच अकाउंट्सकडून ऑटोमॅटिक मेसेज, "तुमचं १३०० भाडं थकलंय." तीच इमेल फॉरवर्ड केली, सॉरी आलं. आणि हो, लीड्सच्या घराला रेफरन्स व्यवस्थित गेला, "भाडं वेळेवर, घर चांगलं ठेवलं", ज्या गोष्टीला सगळे घाबरवत होते त्यातलं काही झालं नाही.

मग या एजंटकडे जावं का? घर शोधायचं असेल तर खुशाल जा, घरं चांगली आहेत आणि रिपेअरला माणूस येतो. फक्त फोनवर काही ठरवू नका, फोन झाला की दोन ओळींची इमेल टाका "आपलं असं बोलणं झालं". आणि "फी" असा एक ठोक आकडा आला की आयटमवार फोड मागा.

हे सगळं माझं जुन्या नियमातलं. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये रेंटर्स राइट्स ॲक्टमुळे अशा साध्या भाड्याच्या घरांना फिक्स्ड टर्मच राहत नाही, आधीची काँट्रॅक्ट्स पण महिन्या-महिन्याची होतात आणि टेनंट दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो, त्यामुळे चार महिने शिल्लक, आठ महिने शिल्लक हा प्रकारच नाही. त्या दोन महिन्यांच्याही आधी निघायचं असेल तरच परत बोलणी आली. मोठ्या स्टुडंट हॉस्टेलांना हे लागू नाही, तिथे मुलाला पाठवत असाल तर काँट्रॅक्ट वाचा. स्कॉटलंडमध्ये तर डिसेंबर २०१७ पासूनच्या टेनन्सीला २८ दिवसांची नोटीस पुरते, आणि वेल्सचा फीचा कायदा वेगळा आहे, तो सप्टेंबर २०१९ पासूनचा, तेव्हा कार्डिफवाल्यांनी माझी इमेल जशीच्या तशी कॉपी करू नका, ॲक्टचं नाव बदला.